सापेक्षतेतली कोडी सोडवताना या चुका टाळा

आइन्स्टाइनच्या विशेष सापेक्षतेतलं कोडं अडलं, की बहुतेक वेळा कुठेतरी ‘एकाच वेळी’ असं लिहिलेलं सापडतं. कोणाच्या चौकटीत, म्हणजे कोणाच्या मोजमापाने, याचा पत्ता नसतो.

शिडी आणि कोठाराचं कोडं घ्या: वेगाने जाणारी शिडी तिच्याहून आखूड कोठारात मावेल का? शिडी १० मीटर, कोठार ५ मीटर, वेग प्रकाशाच्या ०.८६६ पट, म्हणजे गॅमा (वेगामुळे लांबी किती पट आखडते तो आकडा) २. कोठाराच्या चौकटीत शिडी आखडून ५ मीटर होते. दोन्ही दारं एकाच क्षणी लावून लगेच उघडली तर ती नेमकी मावते. शिडीच्या चौकटीत कोठारच अडीच मीटरचं. उतावळी मंडळी लांबीचं सूत्र दोन्हीकडे लावतात आणि ‘आइन्स्टाइन चुकला’ म्हणून मोकळी होतात. दारांच्या वेळा तपासायच्या राहूनच जातात! वेळेतला फरक म्हणजे गॅमा × वेग × अंतर ÷ प्रकाशवेगाचा वर्ग. आकडे घातले की सुमारे २९ नॅनोसेकंद येतात. शिडीच्या चौकटीत बाहेर पडायचं दार आधी लागून उघडतं, आत शिरायचं २९ नॅनोसेकंदांनी. तेवढ्यात कोठार साडेसात मीटर सरकतं. अडीच अधिक साडेसात, दहा. शिडीला दार कुठेच लागत नाही.

म्हणून आधी प्रत्येक घटना एकाच चौकटीत ‘कुठे, केव्हा’ अशी लिहावी, मग पूर्ण लॉरेन्ट्झ रूपांतर (एका चौकटीतल्या जागा-वेळा दुसरीत नेणारी सूत्रं) लावावं. नुसत्या लांबीच्या आयत्या सूत्राने वाचतात त्या फक्त दोन ओळी.

‘शिडी अचानक थांबली’ असं लिहू नका. पुढच्या टोकाला बसलेला धक्का मागच्या टोकाला प्रकाशाच्या आधी कळत नाही.

आकुंचनाला ‘नुसता भास’ समजणं ही जाणत्यांची चूक. भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांनी १९७६ मध्ये लिहिलेला किस्सा बघा: दोन यानं, मध्ये नाजूक दोरा, दोन्ही जमिनीच्या चौकटीत एकाच क्षणी, सारख्याच त्वरणाने निघतात. दोरा तुटेल का? सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्र संस्थेच्या सिद्धान्त विभागात बहुमत पडलं ‘नाही’चं. तुटतो. जमिनीवरून यानांमधलं अंतर तेवढंच राहतं, दोऱ्याला मात्र आखडायचं असतं. यानातून पाहिलं तर पुढचं यान वेगात कायम थोडं पुढे असतं, म्हणून अंतर वाढत जातं.

‘दिसणं’ आणि ‘मोजणं’ एक नव्हे. प्रकाश पोचायला लागलेला वेळ आधी वजा करा.

जुळ्यांच्या कोड्यात एक भाऊ अंतराळात जाऊन परततो आणि घरच्या भावापेक्षा तरुण राहतो; का, याला ‘त्वरणामुळे’ म्हणून हात झटकू नका. ०.६ पट वेगाने ३ प्रकाशवर्षं जाऊन यायला पृथ्वीवर १० वर्षं जातात, प्रवाशाची ८. प्रवाशाच्या हिशेबात पृथ्वीची जाताना ३.२, येताना ३.२. उरलेली ३.६ वर्षं वळताना चौकट बदलल्यावर, ‘पृथ्वीवर आत्ता’ची रेषा सरकल्याने भरून निघतात.