मधल्या फळीची रचना ठरवताना या चुका टाळा

फुटबॉल संघ ओळीने दोन-तीन सामने हरला की पहिला घाव बहुधा रचनेवर पडतो. ४-४-२ चे (गोलरक्षक सोडून मागून पुढे प्रत्येक ओळीत किती खेळाडू, ते हे आकडे सांगतात) ४-३-३ होते, तेही जमले नाही तर ४-२-३-१ येते आणि खेळाडू मात्र तेच, तशाच सवयींचे राहतात. रचना म्हणजे चेंडू आपल्याकडे नसताना प्रत्येकाने कुठे उभे राहायचे आणि चेंडू मिळाल्यावर कोणी पुढे जायचे, याचा करार असतो. तो करार पाळण्याची ज्यांना सवयच नाही, त्यांच्यावर लादलेली रचना कागदावर कितीही देखणी असली तरी मैदानावर पहिल्या वीस मिनिटांतच विस्कटते.

सर्वांत जुनी आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे उत्तम खेळाडूंची यादी करून त्यांना कसेही करून एकत्र बसवणे. इंग्लंडच्या संघात स्टीव्हन जेरार्ड आणि फ्रँक लँपार्ड हे दोघेही आपापल्या क्लबचे आधारस्तंभ होते, पण दोघांचाही ओढा उशिरा धावत जाऊन प्रतिस्पर्ध्याच्या पेनल्टी क्षेत्रात शिरण्याकडे होता. २००४ च्या युरो स्पर्धेत या दोघांना मध्यभागी ठेवण्यासाठी पॉल स्कोल्सला डाव्या बाजूला सरकवण्यात आले. म्हणजे खेळाची लय सांभाळू शकणारा एकमेव माणूसच मध्यातून बाहेर गेला. चेल्सी क्लबमध्ये हेच लँपार्ड बहरले, कारण त्यांच्या मागे बचाव सांभाळणारे मध्यरक्षक क्लोद माकेलेले होते. या माकेलेलेंना रिअल माद्रिदने २००३ मध्ये चेल्सीला विकले आणि त्याच उन्हाळ्यात डेव्हिड बेकहॅमला संघात आणले. पुढच्या हंगामात तारे अधिक असूनही रिअल लीगमध्ये चौथ्या स्थानावर घसरला, तर २००४-०५ मध्ये चेल्सीने ३८ सामन्यांत केवळ १५ गोल स्वीकारून विजेतेपद मिळवले. एका खेळाडूमुळेच हे सगळे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण मागे थांबणारा माणूस गेला की पुढे जाणाऱ्यांचे मोल कसे उतरते, हे यातून दिसते.

आपल्या संघात हाच दोष आहे का, हे ओळखणे अवघड नाही. प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू आपली मधली फळी आणि बचाव फळी यांच्यामधल्या मोकळ्या पट्ट्यात चेंडू घेऊन निवांतपणे वळत असेल, तर दोष सहसा बचावपटूंचा नसतो. मधले दोघे एकाच वेळी पुढे गेलेले असतात. अशा वेळी रचना बदलण्याआधी एवढेच ठरवावे की एक गेला की दुसरा थांबेल. हा नियम सांगूनही पाळला जात नसेल, तरच मागे दोघांना कायम ठेवणारी ४-२-३-१ स्वीकारावी.

डायमंड पद्धतीची चूक वेगळ्या प्रकारची आहे. चौघे मध्यरक्षक हिऱ्याच्या आकारात उभे केले की मध्यभाग भरतो, पण दोन्ही कडा उघड्या पडतात आणि त्यांचा सगळा भार फुलबॅकवर, म्हणजे बचाव फळीच्या दोन्ही कडांच्या खेळाडूंवर येतो. सामन्याच्या तिसाव्या मिनिटालाच धापा टाकणारे फुलबॅक असलेल्या संघाने ही पद्धत निवडू नये, हे इतके उघड असूनही ती निवडली जाते, कारण हाताशी एक चांगला ‘दहा नंबर’, म्हणजे आघाडीच्या मागे राहून संधी निर्माण करणारा खेळाडू असतो! २००५ च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात मिलानचा हिरा पिर्लो, गात्तुसो, सेडॉर्फ आणि काका यांचा होता व पहिल्या सत्राअखेर ते लिव्हरपूलविरुद्ध ३-० ने पुढे होते. मध्यंतरात लिव्हरपूलने फुलबॅक फिनन यांच्या जागी डिटमार हामान यांना आणले, मागे तिघे ठेवले आणि जेरार्डला पुढे जाण्याची मोकळीक दिली. सुमारे सहा मिनिटांत तीन गोल झाले आणि पुढे पेनल्टी शूटआउटमध्ये लिव्हरपूल जिंकले. म्हणजे रचनेतला बदल उपयोगी पडतो. मात्र तो नेमक्या दुखण्यावर असावा लागतो.

याच पिर्लोच्या घडणीत आणखी एका चुकीवरचा उपाय सापडतो. खेळाडूच्या नावापुढे लिहिलेली जागा हीच त्याची खरी जागा, असे आपण गृहीत धरतो. पिर्लो सुरुवातीला आघाडीच्या मागे खेळत असत. २००१ मध्ये ते ब्रेशिया या इटालियन क्लबमध्ये उसने गेले, तेव्हा ती जागा रोबेर्तो बाजिओंकडे होती, म्हणून प्रशिक्षक कार्लो माझोने यांनी त्यांना बचाव फळीच्या पुढ्यात खेळवले. वेग बेताचा, पण नजर दूरवर पोहोचणारी, अशा खेळाडूला समोर सगळे मैदान दिसेल अशी जागा लाभली. म्हणून खेळाडू चेंडू कुठे मागतो, पाठीवर प्रतिस्पर्धी असताना त्याला वळता येते का आणि चेंडू गमावल्यावर त्याचे पहिले पाऊल कोणत्या दिशेला पडते, हे पाहून जागा ठरवावी.

४-४-२ बद्दल थोडक्यात. समोर तीन मध्यरक्षक असले की मधले दोघे संख्येत कमी पडतात, त्यामुळे एका आघाडीपटूने खाली उतरणे भाग असते. २०१५-१६ मध्ये लेस्टर या इंग्लिश क्लबला कांटे आणि ड्रिंकवॉटर ही जोडी पुरली, कारण कांटे अफाट पळत होते आणि ओकाझाकी आघाडी सोडून मागे येत होते. असा आघाडीपटू नसेल, तर जोडीला दोष देण्यात अर्थ नाही.

४-३-३ मध्ये आघाडीवीर एकटा पडत असल्याची तक्रार आली तर त्याला बदलण्याआधी त्याच्यापासून सर्वांत जवळचा मध्यरक्षक किती अंतरावर आहे, हे सामन्याच्या चित्रीकरणात थांबवून पाहावे. पंचवीस-तीस मीटरचे अंतर वारंवार दिसले, तर विंगर (कडेने खेळणारे आघाडीपटू) खूप मागे राहत आहेत किंवा मध्यरक्षकांपैकी कोणालाच पुढे धावण्याची सवय नाही. पहिल्या बाबतीत विंगरची जागा सुधारावी, दुसऱ्या बाबतीत एक खेळाडू बदलावा. दोन्ही बदल एकाच सामन्यात करू नयेत, अन्यथा कशाने फरक पडला ते कळत नाही. आणि ही तपासणी चेंडूच्या मागे न धावता, चेंडूपासून दूर असलेल्या तिसऱ्या मध्यरक्षकावर नजर ठेवून करावी, कारण बिघाड सहसा तिथेच आधी दिसतो.