परकी नावं उच्चारताना या चुका टाळा

एका कार्यक्रमात पाहुण्यांची नावं वाचायचं काम माझ्याकडे होतं. यादीत एक आयरिश नाव होतं. मी बेधडक ‘सिओभान’ असं वाचलं. बाई हसत उठल्या आणि म्हणाल्या, “शिवॉन.” आयरिशमध्ये ‘बी’ आणि ‘एच’ जोडून आले की ‘व’ होतो आणि ‘एस’पुढे ‘आय’ आला की ‘श’. कार्यक्रमाआधी विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं.

रोमन अक्षरं दिसली की आपण ती इंग्रजीसारखी वाचतो, ही सगळ्यात मोठी चूक. ‘जे’ हे एकच अक्षर घ्या. जर्मन आणि पोलिशमध्ये तो ‘य’, स्पॅनिशमध्ये घशातून घासत येणारा ‘ह’, फ्रेंच-पोर्तुगीजमध्ये ‘झ’च्या जवळचा, पण ‘श’सारखा घासणारा आवाज. म्हणून माद्रिदचा ‘होसे’ लिस्बनला गेला की ‘झुझे’ होतो, स्पेलिंग तेच. तुर्की भाषेने 1928 साली रोमन लिपी घेतली आणि ‘सी’ला ‘ज’चं काम दिलं. हंगेरियनमध्ये नुसता ‘एस’ म्हणजे ‘श’, म्हणून तिथले लोक ‘बुदापेश्त’ म्हणतात. तेव्हा आधी भाषा ओळखा, अक्षरं नंतर.

गंमत अशी की, इंग्रजीतून वळसा घेताना आपण आपल्याच तोंडातले आवाज वाया घालवतो. ‘चार’मधला च आणि ‘चमचा’मधला च वेगळे, हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. जर्मन ‘झेड’ हा जवळजवळ चमच्यातलाच च: ‘मोझार्ट’ नव्हे, ‘मोत्सार्ट’. चिनी नावांत तर आपली चंगळ आहे. 1958 साली स्वीकारलेल्या पिनयिन (चिनी भाषा रोमन अक्षरांत लिहिण्याची पद्धत) लेखनात ‘झेड’ म्हणजे चमच्यातला च, ‘क्यू’ म्हणजे ‘छ’, ‘एक्स’ म्हणजे ‘श’च्या जवळचं काहीतरी. ‘बी’ आणि ‘पी’ यांत फरक आहे तो प आणि फ (‘फळ’मधला) असा, म्हणजे हवेच्या झोताचा. त्यामुळे आपल्याकडचं जुनं ‘माओ त्से तुंग’ हे नव्या स्पेलिंगवरून वाचलेल्या ‘झेडाँग’पेक्षा मूळ उच्चाराला जवळचं आहे.

याच्या उलट चूकही होते. नाव परदेशी वाटावं म्हणून उगाच मुलामा चढवतात. ‘बेझिंग’ हा त्यातलाच प्रकार. तिथे ‘झ’ नाहीच, साधा ‘बेजिंग’ कितीतरी बरा. आणि मराठीत बोलताना ‘पॅरिस’ला ‘पारी’ म्हणायची काहीच गरज नाही. रुळलेली नावं राहू द्यावीत.

अक्षरांवरच्या-खालच्या खुणा माश्या बसल्यासारख्या दिसतात म्हणून सोडून देऊ नका. पोलिशमध्ये ‘एल’वर तिरकी रेघ असली की त्याचा इंग्रजी ‘डब्ल्यू’ होतो, आणि ‘डब्ल्यू’ अक्षर मात्र ‘व’. म्हणून पोलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष ‘लेख वावेंसा’, ‘वालेसा’ नव्हे.

सगळे आवाज बरोबर येऊनही नाव परकंच वाटतंय? मग आघात तपासा, म्हणजे नावातल्या कोणत्या तुकड्यावर जोर येतो ते. मराठीत आपण त्याकडे फारसं लक्ष देत नाही, पण रशियनमध्ये आघात नसलेला ‘ओ’ बदलून ‘अ’कडे झुकतो, म्हणून मॉस्कोला रशियन लोक ‘मस्क्वा’ म्हणतात. हंगेरियन आणि चेकमध्ये आघात पहिल्या तुकड्यावर, पोलिशमध्ये बहुतेकदा शेवटून दुसऱ्यावर.

शब्दकोशातली आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी (उच्चार दाखवणारी चिन्हं) वापरत असाल तर एक खाचखळगा: तिथे ‘जे’ म्हणजे ‘य’, आणि ‘वाय’ म्हणजे ओठांचा चंबू करून म्हटलेली ‘ई’. मोबाइलला वाचायला लावणार असाल तर आधी भाषा निवडा, नाहीतर तोही इंग्रजीच वाचेल. लांबलचक नाव जिभेवर अडखळत असेल तर शेवटाकडून जोडत या: ‘स्की’, मग ‘कोव्स्की’, मग ‘चायकोव्स्की’.

माणूस समोर असेल तर सरळ विचारा. घराण्याने देश बदलला असेल तर उच्चारही बदललेला असू शकतो. तो सांगेल तो खरा, पुस्तकातला नव्हे. ऐकलं की लगेच देवनागरीत टिपून ठेवा. माझ्या याद्यांमध्ये हल्ली नावापुढे कंसात ‘चमच्यातला च’ असं लिहिलेलं असतं.