आर्ट प्रोजेक्टसाठी ग्रुपने एक दिवसाची ट्रिप काढताय? मग कोकणात अशी काढा

आर्ट कॉलेजात फाउंडेशन असो, एटीडी (आर्ट टीचर डिप्लोमा) असो नाहीतर जीडी आर्टचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्टचा विषय सुचत नाही म्हणून कुणीतरी ग्रुपवर टाकतं की चला एक दिवस कुठेतरी जाऊन येऊ. आयडिया चांगलीच आहे. पण मग लगेच रत्नागिरीची यादी सुरू होते, थिबा पॅलेस, रत्नदुर्ग, आरे-वारे, गणपतीपुळे, मालगुंड, आणि येताना जमलं तर मांडवीला भेळ. ट्रिप मस्त होते, सेल्फी भरपूर येतात, प्रोजेक्ट काही येत नाही.

तर पहिलं काम यादी कापायचं. एक जागा, फार तर दोन, आणि मुख्य जागेवर निदान तीन तास बूड टेकून बसायची तयारी. पहिला अर्धा-पाऊण तास सगळे तेच काढणार, नारळ, होडी, मावळता सूर्य (सकाळचे अकरा वाजलेले असले तरी), ते काढू द्या, हातातून एकदा निघून जाऊ दे. मग कंटाळा येतो, मोबाईल बाहेर येतात, कुणीतरी वेफर्स फोडतं, आणि त्यानंतर जे बघणं सुरू होतं ना तेच प्रोजेक्टच्या कामाचं असतं. म्हणून प्लॅन करतानाच या कंटाळ्यासाठी वेळ धरा.

जागा कुठली? रत्नागिरी-राजापूरकडच्यांनी आधी कातळशिल्पं बघावीत असं माझं मत. २०२२ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आहेत, उक्षी, जांभरूण, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे वगैरे, आणि मालवणवाल्यांना कुडोपी जवळ. आता पोहोचायची वेळ, यात बरेच ग्रुप गंडतात. ही चित्रं म्हणजे सड्यावरच्या (उघड्या कातळाच्या माळावरच्या) जांभ्यात, म्हणजे लाल दगडात, कोरलेल्या उथळ रेषा, भर दुपारी ऊन डोक्यावर असलं की रेषेत सावलीच पडत नाही आणि समोर हत्ती असून हत्ती दिसत नाही. सकाळी नऊच्या आत नाहीतर चारनंतर जा, तिरप्या उन्हात रेषेची एक कड काळी होते आणि आख्खं जनावर जमिनीतून वर येतं. रेषा म्हणजे नक्की काय, नुसती कड की दोन उजेडांमधली जागा, हे वर्गात सांगून कळत नाही ते इथे पाच मिनिटात कळतं.

कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर बाय १३ मीटर आहे आणि त्याच्या पोटात बाकीचे कितीतरी प्राणी, मासे, पक्षी कोरलेत. एवढं मोठं चित्र एकट्याला जमत नाही, ग्रुपचा खरा उपयोग इथे. मोठी टेप घ्या, चित्राच्या बाहेरून दोन बाजू मोजा, दर मीटरला कुणालातरी उभं करा, म्हणजे माणसांचाच ग्रिड तयार होतो. १:५० च्या स्केलने १८ मीटरचे ३६ सेंटिमीटर होतात आणि १३ चे २६, म्हणजे क्वार्टर इम्पिरिअल शीटमध्ये (मोठ्या ड्रॉइंग शीटच्या पाव भागात) हत्ती बरोब्बर बसतो. दोघादोघांनी एकेक पट्टा वाटून घ्यायचा आणि घरी येऊन जोडायचा. जोड बरोबर येत नाहीत, सोंड एकाची जाडी दुसऱ्याची बारीक, पण ते दुरुस्त करायला जाऊ नका, दहा हातांचा हत्ती हाच एक प्रोजेक्ट आहे.

तिथे रेषेत खडू भरायचा नाही, पाणी ओतायचं नाही, चप्पल घालून चित्रावर चालायचं नाही, रबिंग, म्हणजे कागद ठेवून वरून खडू घासणं, तर अजिबातच नाही. रबिंगची हौस असेल तर गावातल्या चिऱ्याच्या गडग्यावर (जांभ्याच्या चौकोनी दगडांच्या कुंपणावर) करा, चिरा तासताना पडलेले हत्याराचे तिरके घाव न्यूजप्रिंटवर मेणाच्या खडूने फार भारी उमटतात. आणि बऱ्याच ठिकाणी सडा कुणाच्या तरी मालकीचा असतो, तेव्हा वाडीत आधी विचारा.

येताना सड्यावरून नाही, पण रस्त्याच्या कडेची मूठ-दोन मूठ लाल माती पिशवीत घ्या. गावागावाची वेगळी घ्या, एक विटकरी निघते, एक जांभळट, एक पिवळ्याकडे झुकणारी, पिशवीवर गावाचं नाव लिहायला विसरू नका नाहीतर घरी सगळ्या सारख्याच दिसतात. मग बादलीत पाणी घालून ढवळायची, मिनिटभर थांबायचं, वाळू-खडे खाली बसले की वरचं लाल गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं. ते रात्रभर ठेवलं की तळाला लोण्यासारखा गाळ बसतो, तो सुकवून, खलून, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात आणि दोन थेंब मधात घोटला की तुमचा स्वतःचा वॉटरकलर तयार. मध घातला नाही तर वडी तडकते. हा रंग म्हणजे लोहाचा गंज, उन्हाने उडत नाही. कोकम, जांभूळ, जास्वंद यांचे रंग पहिल्या दिवशी फार सुंदर दिसतात पण उजेडात फिके पडतात, सबमिशन महिन्याने असेल तर त्यांच्यावर भरवसा ठेवू नका (की उडणारा रंग हाच विषय करायचाय? मग रोज एक फोटो काढून ठेवा).

समुद्रावर जायचं असेल तर तारीख तिथी बघून ठरवा, रविवार बघून नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते हे इथे घरातल्या म्हाताऱ्यांना पाठच असतं. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, आणि सहा तास मागेपुढे, नऊच्या आसपास ओहोटी. पुनव-अमावास्येनंतरची द्वितीया-तृतीया सगळ्यात बरी, उधाणाचे दिवस असल्याने ओहोटीला पाणी समुद्रात खूप मागे जातं आणि ते सकाळी साडेसात-साडेआठला. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार हलत नाही, त्या दिवशी खडकं नीट उघडी पडत नाहीत. ओल्या वाळूवर बारक्या कुर्ल्यांनी बिळाभोवती टाकलेल्या गोळ्यांची नक्षी बघा, बिळापासून किरणांसारख्या रांगा निघतात, मधे येण्या-जाण्याची एक वाट मोकळी, आणि पुढच्या भरतीला सगळं साफ. टेक्स्टाईलवाल्यांना यातून वर्षभराचे रिपीट पॅटर्न मिळतील.

रत्नागिरीचं मिरकरवाडा मासेमारी बंदर वेगळंच प्रकरण. मासळीचा लिलाव चालू असताना वाटेत उभं राहायचं नाही, बर्फाच्या गाडीला आणि टोपलीवाल्या मावशींना आधी रस्ता. फोटो विचारून. खरं तर फोटोपेक्षा स्केचबुक काढलं की लोक स्वतःहून येऊन बघतात, जाळं सांधणारे नेपाळी खलाशी तर मला पण काढ म्हणून बसतात आणि नाक चुकलं की हसतात. जुनी चप्पल घाला, चांगले शूज नकोत.

कुडाळ-सावंतवाडीच्या पोरांची मजा आहे, त्यांना एका दिवसात पिंगुळी आणि सावंतवाडी दोन्ही होतं. पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला), कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या, तिथल्याच परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. आधी फोन करून जा, खेळ बघितला तर त्याचे पैसे द्या, फुकटात डेमो मागू नका. सावंतवाडीला राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, बघा. दशावतारी गंजिफात १२० पत्ते, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, राजा, वजीर आणि एक ते दहा. आता हाच हिशेब आपल्या ग्रुपला लावून बघा, दहा जण, दहा मासे, प्रत्येकाने बारा गोल पत्ते, बांगड्याचा राजा आणि सुरमईचा वजीर. पेडव्याच्या दश्शीवर दहा पेडवे बसवताना कॉम्पोझिशन आपोआप शिकाल.

सामानात फार काही नको. ४बी, ६बी, एक बॉलपेन (खोडता येत नाही म्हणून), क्लिपा जास्तीच्या कारण वारा, आणि टोपी, कारण उन्हात पांढऱ्या कागदाकडे बघून डोकं दुखतं. फोटोंना लिमिट ठेवा, माणशी वीस. प्रत्येक स्केचखाली जागा आणि वेळ टाका.

गाडीचं म्हणाल तर एसटीच्या डेपोत प्रासंगिक कराराची (आख्खी गाडी भाड्याने घ्यायची) चौकशी करा, शैक्षणिक सहलीला सवलत असते, कॉलेजचं पत्र लागतं, डिसेंबर-जानेवारीत गाड्या मिळायची मारामार म्हणून लवकर जा. सड्यावर पाणी नाही, सावली नाही, बाथरूम नाही, मुलींची सोय आधीच जवळच्या देवळात किंवा खानावळीत बोलून ठेवा, आणि त्याच खानावळीला आदल्या दिवशी ताटांचा आकडा सांगा, ऐनवेळी तीस जण गेलात तर डाळभातच मिळेल.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी, आठवड्याने नाही, वर्गातली एक भिंत रिकामी करून सगळ्यांचं सगळं लावा. वाईट स्केचेस पण, मातीच्या पिशव्या पण, खानावळीचं बिल पण. नावं झाकून टाका. मग प्रत्येकाने दुसऱ्याच्या कागदावरची एक गोष्ट निवडायची, स्वतःच्या नाही, आणि पहिले तीन थंबनेल त्यावरून करायचे. पहिल्या दहा मिनिटांत भांडणं होतील कारण दोघांना एकच कुर्ल्यांची नक्षी हवी असते. दोघांनाही द्या, थंबनेल वेगवेगळेच होतात.