पानाचे शीर्षक ठरवण्याआधी शोधपेटीत डोकवावे

संकेतस्थळाच्या पानाला ‘आमची उत्पादने’ असे शीर्षक दिले, तर ते पान कशाचे आहे हे गूगललाही कळत नाही आणि गिऱ्हाइकालाही नाही.

समजा, आपण देवगडहून हापूस घरपोच पाठवता. ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी उघडावी, म्हणजे आपल्याच जुन्या शोधांचा परिणाम कमी होतो, आणि गूगलच्या शोधपेटीत ‘हापूस आंबा’ एवढेच लिहून थांबावे; खाली उघडणाऱ्या सूचना प्रामुख्याने लोकांनी प्रत्यक्ष केलेल्या शोधांवरून येतात. हाच शब्द रोमन अक्षरांतही टंकून पाहावा, कारण पुष्कळ मराठी माणसे ‘आंबा’सुद्धा इंग्रजी अक्षरांतच लिहितात. या सूचनांतून एका पानासाठी एकच शब्दसमूह निवडावा, तो शीर्षकाच्या आरंभी ठेवावा आणि दुकानाचे नाव शेवटी घालावे: ‘देवगड हापूस घरपोच, पेटीचा दर व नोंदणी – (दुकानाचे नाव)’. लांब शीर्षकाचे शेपूट शोधनिकालांत कापले जाते, म्हणून महत्त्वाचे शब्द मागे ढकलू नयेत.

‘कीवर्ड्स’ नावाच्या मेटा टॅगमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमधल्या, वाचकाला न दिसणाऱ्या नोंदीत, शब्दांची जंत्री भरण्यात वेळ घालवू नये. शोधनिकालांच्या क्रमवारीसाठी तो टॅग वापरला जात नाही, हे गूगलने २००९ मध्येच सांगितले आहे. महिन्याभराने सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे संकेतस्थळाच्या मालकांसाठी असलेल्या गूगलच्या साधनात, लोक कोणत्या शब्दांनी पानापर्यंत आले ते पाहून शीर्षक सुधारावे.

खबरदारी एकच: रत्नागिरीचा आंबा विकत असताना केवळ शोध जास्त होतात म्हणून शीर्षकात ‘देवगड’ लिहू नये.