सेफ्ट्रियाक्सोनचं इंजेक्शन घेताना-देताना या चुका टाळा

टायफॉइड, न्यूमोनिया, मेंदूज्वर, मूत्रपिंडापर्यंत पोचलेला लघवीचा संसर्ग: यातल्या कशासाठीही ॲडमिट झालात, तर केसपेपरवर सेफ्ट्रियाक्सोन हे अँटिबायोटिक लिहिलेलं असण्याची शक्यता मोठी. औषध शरीरात बराच वेळ टिकतं, त्यामुळे बहुतेक आजारांत दिवसातून एकदा दिलं की भागतं. मेंदूज्वरात मात्र दर १२ तासांनी द्यावं लागतं. पण रोजच्या वापरातलं झालं की हात सैल पडतो. सिस्टर असोत, कंपाउंडर असोत की नातेवाईक, चुका इथूनच सुरू होतात.

आरएल चालू असताना त्याच लाइनमधून देणं

मला सगळ्यात जास्त भीती या चुकीची वाटते. आरएलच्या (रिंगर लॅक्टेट) सलाईनमध्ये कॅल्शियम असतं. सेफ्ट्रियाक्सोन आणि कॅल्शियम एकत्र आले की न विरघळणारे कण तयार होतात. नवजात बाळांच्या फुप्फुसांत आणि मूत्रपिंडांत असे कण सापडले आहेत आणि त्यात मृत्यूही झाले आहेत. म्हणून २८ दिवसांपर्यंतच्या बाळाला शिरेतून कॅल्शियम चालू असेल किंवा लागणार असेल, तर हे औषध द्यायचंच नाही. कावीळ असलेल्या नवजात बाळालाही नाही, कारण ते बिलिरुबिनला (काविळीतल्या पिवळ्या द्रव्याला) रक्तातल्या प्रथिनांपासून सुटं करतं.

मोठ्या माणसांत ही दोन्ही एकापाठोपाठ देता येतात, पण मध्ये एनएसने (नॉर्मल सलाईन, म्हणजे मिठाच्या पाण्याने) लाइन नीट धुवायला हवी. प्रत्यक्षात काय होतं? आरएल आधीच लावलेलं असतं, घाई असते आणि ‘चालू सलाईनमधूनच जाऊ दे’ म्हणून सिरिंज पोर्टला लागते. नातेवाइकांनी अशा वेळी ‘सिस्टर, आधी लाइन फ्लश करणार ना?’ असं विचारायला संकोचू नये. नळीत पांढुरकेपणा दिसला तर सलाईन तिथेच थांबवायचं. अमिकासिन किंवा व्हॅन्कोमायसिन ही दुसरी अँटिबायोटिक्सही याच्यात मिसळायचं नाही.

कमरेचं इंजेक्शन शिरेत

स्नायूत दिलं की हे इंजेक्शन चांगलंच ठणकतं. म्हणून त्यासाठी पावडर १ टक्का लिग्नोकेनमध्ये (बधिर करणाऱ्या औषधात) कालवतात. असं कालवलेलं औषध चुकून शिरेत गेलं तर झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. शिरेसाठी १ ग्रॅमची व्हायल १० मिलि स्टराइल वॉटरमध्ये विरघळवून २ ते ४ मिनिटांत सावकाश द्यायची, किंवा एनएसमधून अर्ध्या तासात सोडायची. ट्रेमध्ये दोन सिरिंज शेजारी ठेवल्या असतील तर लेबल हवंच. ‘माझ्या लक्षात आहे’ यावर कुणी विसंबू नये. विरघळल्यावर फिकट पिवळा रंग आला तर घाबरू नका, तो औषधाचाच आहे. गढूळपणा किंवा तरंगणारे कण दिसले तर मात्र व्हायल बाद.

डिस्चार्जनंतर उरलेले डोस घरी किंवा गल्लीतल्या दवाखान्यात घेणाऱ्यांसाठी आणखी एक. दुकानदार ‘१.५ ग्रॅमची आहे, जास्त पॉवरची’ म्हणून दुसरी व्हायल देतो. त्यात सहसा सेफ्ट्रियाक्सोन १ ग्रॅमच असतं, वरचे ५०० मिग्रॅ सल्बॅक्टम या दुसऱ्याच औषधाचे. चिठ्ठीवर नुसतं सेफ्ट्रियाक्सोन असेल तर अशी अदलाबदल डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. हे औषध शेड्यूल एच-१ या सरकारी यादीत आहे, त्यामुळे चिठ्ठीशिवाय मागूही नका.

‘टेस्ट डोस ठीक आला’ म्हणून निर्धास्त होणं

कातडीवरची चाचणी निगेटिव्ह आली तरी पूर्ण डोसला रिॲक्शन येऊ शकते. त्या टिचभर फुगवट्यापेक्षा जुना इतिहास महत्त्वाचा: पेनिसिलिन किंवा सेफॅलोस्पोरिन गटातल्या औषधाने पूर्वी अंगावर गांधी उठल्या होत्या का, श्वास लागला होता का? हे आपणहून सांगा. इंजेक्शननंतर निदान अर्धा तास तिथेच थांबा. घसा आवळला, चेहरा सुजला, चक्कर आली तर पहिलं औषध ॲड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. ॲड्रेनालिन हाताशी नाही अशा ठिकाणी हे इंजेक्शन घेऊच नये.

ताप उतरत नाही म्हणून बदला, उतरला म्हणून थांबवा

टायफॉइडमध्ये औषध बरोबर लागू पडत असतानाही ताप उतरायला ४ ते ६ दिवस लागू शकतात. तिसऱ्या दिवशी ‘गुण नाही’ म्हणून डॉक्टर बदलणारे आणि सहाव्या दिवशी ‘बरं वाटतंय’ म्हणून बंद करणारे, दोघेही फसतात. अर्धवट सोडलं तर आजार उलटतो. औषध खरंच लागू नसणं हीही शक्यता असते: पाकिस्तानात सिंधमध्ये २०१६ पासून सेफ्ट्रियाक्सोनला दाद न देणारा टायफॉइड पसरला. म्हणून पहिल्या डोसआधी ब्लड कल्चरचं (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीचं) रक्त काढून घ्यावं. टायफॉइडसाठी करतात त्या विडाल रक्तचाचणीवर भिस्त ठेवू नये. रुग्ण शॉकमध्ये (रक्तदाब धोकादायक उतरलेला) असेल तर मात्र रक्त चटकन काढायचं आणि अँटिबायोटिक तासाभरात सुरू करायचंच. रिपोर्टची वाट बघायची नाही.

कोर्स चालू असताना किंवा संपल्यावर पातळ जुलाब सुरू झाले, शौचात रक्त दिसलं, तर जुलाब थांबवायच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका, दाखवा.

आणि कोर्सच्या दरम्यान सोनोग्राफीत अचानक पित्ताशयात खडे दिसले, तर सर्जनला सेफ्ट्रियाक्सोन चालू असल्याचं आधी सांगा. औषधाचाच कॅल्शियमबरोबर गाळ साचून खड्यांसारखा दिसतो आणि औषध बंद केल्यावर तो बहुधा आपोआप निघून जातो. पोटात दुखत नसेल तर काही आठवड्यांनी सोनोग्राफी पुन्हा करून पाहतात.