ढगाचा तळ किती उंचीवर? पृथ्वीपासून शनीपर्यंतचं गणित

दुपारच्या पुंजमेघांचा तळ सुरीने कापल्यासारखा सपाट दिसतो. त्याची उंची काढायला जमिनीलगतचं तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होऊ लागतं) पुरतात. दोघांतला फरक 125 ने गुणा, उत्तर मीटरमध्ये येईल. 32 आणि 24 अंश असतील तर 8 × 125, म्हणजे 1000 मीटर.

हे 125 येतं असं: चढणारी, अजून ढग न झालेली हवा किलोमीटरमागे 9.8 अंशांनी गार होते. दाब घटत असल्याने तिचा दवबिंदूही सुमारे 1.8 अंशांनी उतरतो. म्हणून दोघांतलं अंतर किलोमीटरमागे 8 अंशच मिटतं.

हमखास चुकतं ते 9.8 च्या जागी 6.5 घेतल्याने. 6.5 हा भोवतालच्या हवेचा सरासरी उतार (उंचीबरोबर तापमान घटण्याचा वेग) आहे, चढणाऱ्या हवेचा नव्हे. पहाटेचं तापमानही घेऊ नका. तेव्हा गार थर जमिनीला चिकटून असतो. आणि आलेली उंची मोजणीच्या जागेपासूनची असते. महाबळेश्वरी पावसाळ्यात फरक शून्यावर येतो, तेव्हा ढग दारातच असतो.

तळाच्या वर सांद्रीभवन, म्हणजे बाष्पाचं पाणी होणं, सुरू होतं. किलोभर बाष्प सुमारे 25 लाख जूल उष्णता सोडतं, त्यामुळे 25 अंशांच्या संपृक्त (बाष्पाने पूर्ण भरलेल्या) हवेचा उतार किलोमीटरमागे 4 अंशांच्या आसपास येतो. वर, थंडीत, बाष्पच उरत नाही आणि तो पुन्हा 9 कडे सरकतो. भोवतालची हवा याहून झपाट्याने गार होत असेल तरच ढग वाढत जातो.

दुसऱ्या ग्रहासाठी 9.8 विसरा. गुरुत्वत्वरणाला वायूच्या विशिष्ट उष्मेने (किलोभर वायू एका अंशाने तापवायला लागणारी उष्णता) भागा, की मीटरमागचा उतार येतो; किलोमीटरसाठी 1000 ने गुणा. शनीच्या टायटन या चंद्रावर 1.35 ला 1040 ने भागलं की किलोमीटरमागे 1.3 अंश. गुरूवर 2 च्या आसपास. तिथे चुकून आपल्या हवेची विशिष्ट उष्मा घातली तर 25 येतं.

खरी मेख रेणुभारात आहे. पाणी 18, हवा 29, म्हणून आपल्याकडे दमट हवा हलकी. टायटनवरही तसंच: बाष्पाच्या जागी मिथेन 16, हवेच्या जागी नायट्रोजन 28. गुरू-शनीवरचा वायू मात्र सरासरी 2.3 चा, तिथे बाष्प ओझं होतं. किती बाष्प असेपर्यंत वायू वर चढू शकेल, हे असं काढा: वायू स्थिरांक 8.314 × 300 केल्विन = 2494; त्याला पाण्याच्या मोलमागे (18 ग्रॅममागे) सांद्रीभवनात सुटणाऱ्या 44,000 जूलने भागा, मग (1 − 2.3/18) ने. वस्तुमानाने सुमारे साडेसहा टक्के. बाष्प याहून जास्त असेल तर खालचा वायू गरम असूनही वर चढत नाही. वरचा थर पुरेसा गार होईपर्यंत सगळं अडून राहतं. शनीवरची प्रचंड वादळं दोन-तीन दशकांनी का उठतात, याचं 2015 मध्ये मांडलं गेलेलं स्पष्टीकरण याच अडकण्यावर उभं आहे.