शाळेच्या मैदानासाठी ऑनलाइन वर्गणी : लिंक पाठवण्याआधीची तयारी

मैदान करायचं ठरलं की त्याच रात्री कुणीतरी आपल्या फोनवरचा क्यूआर कोड गावच्या ग्रुपवर टाकतो, खाली हात जोडलेले चार इमोजी. पहिलं काम म्हणजे तो कोड ग्रुपवरून काढून टाकायला लावणं. लिंक सगळ्यात शेवटी येते. तिच्या आधीचं काम तलाठ्याकडे, बँकेत आणि ग्रामसभेत करायचं असतं. मी हे लिहितोय ते सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातली जिल्हा परिषदेची शाळा डोळ्यासमोर ठेवून. इथल्या गावांतली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यापायी तामिळनाडू-केरळपासून उत्तर प्रदेश-बंगालपर्यंत पांगलेली आहेत, बाकीची मुंबई-पुण्यात. देवळाचा जीर्णोद्धार आणि यात्रेतल्या कुस्त्या या पांगलेल्या माणसांच्याच वर्गणीवर होतात. शाळेलाही ही माणसं देतात, पण दहा प्रश्न विचारून देतात, आणि त्यांचं बरोबरच आहे.

सुरुवात जागेपासून करा. मुलं जिथं खेळतात ती जमीन कुणाच्या नावावर आहे? सातबारा काढा, राज्य सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावर तो घरबसल्या बघता येतो. इमारतीखालची जागा जिल्हा परिषदेची, पुढचा तुकडा गायरानातला आणि कडेचा पट्टा कुणा आजोबांनी तोंडी दिलेला, हा प्रकार नवा नाही. आजोबा गेले, बक्षीसपत्र करायचं राहिलं आणि आता नातवांच्या वाटण्या चालू आहेत. असा पट्टा निघाला तर वर्गणीचा विषय काढण्याआधी त्या घरी जाऊन बसा, चहा घ्या आणि कागद करून द्यायला तयार आहेत का ते विचारा. नसतील तर तेवढा पट्टा सोडून मैदान आखा. मग भूमी अभिलेख कार्यालयात शुल्क भरून मोजणी करून घ्या, मोजणीचा नकाशा, म्हणजे 'क' प्रत, फाइलला लावा आणि हद्दीचे दगड सगळ्यांसमोर रोवा. लोकांच्या पैशानं टाकलेला मुरूम दुसऱ्याच्या हद्दीत निघाला तर त्या गावात पुढची कित्येक वर्षं शाळेच्या नावानं कुणी खिशात हात घालणार नाही.

दुसरा कागद ठरावाचा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या महिला असायला हव्यात. ठरावाला आया खरोखर हजर राहतील अशी वेळ ठेवा, सह्या नंतर घरोघरी फिरवू नका. याला कायद्यापलीकडचं कारण आहे. मैदानाचा आराखडा पुरुषांनीच काढला की ते क्रिकेटचं होतं आणि मुली भिंतीला टेकून उभ्या राहतात. आयांना विचारलं तर खो-खोचं मैदान, सावलीचं झाड आणि मागच्या बाजूचं कुंपण यादीत आधी येतं. ठरावात तीन गोष्टी स्पष्ट लिहा : काम कोणतं, पैसे कोणत्या खात्यात येणार, आणि कमी पडले किंवा उरले तर काय करायचं. त्याची प्रत मुख्याध्यापकांच्या पत्रासह केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाऊ द्या. जागा जिल्हा परिषदेची आहे, तिच्यावर परवानगीशिवाय काम काढलं तर उद्या मुख्याध्यापकांना उत्तर द्यावं लागतं, आपल्याला नाही.

आता त्या प्रश्नाची तयारी, जो पहिल्याच तासात ग्रुपवर येतो : 'सरकार देत नाही का?' शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मैदान आहे, केवढं हवं ते मात्र नाही. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेतून क्रीडा साहित्यासाठी अनुदानाची तरतूद आहे : प्राथमिक शाळेला ५,००० रुपयांपर्यंत, उच्च प्राथमिकला १०,००० आणि माध्यमिकला २५,००० रुपयांपर्यंत. त्यात चेंडू, दोऱ्या, रिंगा येतात. जमीन सपाट होत नाही. केंद्राच्या विद्यांजली पोर्टलवर शाळा आपली गरज टाकू शकते, तिथं रोख नाही पण वस्तू आणि सेवा मिळतात, म्हणून खो-खोचे खांब आणि जाळ्या तिकडे टाका. सपाटीकरण कुठल्या योजनेत किंवा ग्रामपंचायतीच्या आराखड्यात बसतंय का, ते ग्रामसेवकांना लेखी विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. 'मागितलं होतं, एवढं मिळालं, एवढं राहिलं' असं कागद दाखवून सांगता आलं की वादाची हवा निघून जाते.

अंदाजपत्रकावर वेळ घालवा, इथंच खरी मेख आहे. 'मैदानासाठी पाच लाख हवेत' असं म्हणणाऱ्याला कुणी पाच लाख देत नाही. पंचायत समितीच्या बांधकाम विभागातल्या अभियंत्याकडून अंदाजपत्रक करून घ्या, पण स्वतःही गणित मांडा. समजा, १०० बाय १०० फूट जागा आहे. खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटर आणि महिलांच्या कबड्डीचं १२ बाय ८ मीटर असतं. दोन्ही या जागेत शेजारी शेजारी बसतात. त्यावर चार इंच मुरूम हवा तर १०,००० चौरस फुटांना सुमारे ३,३३३ घनफूट लागतो. १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे ३३ ब्रास. रोलरखाली मुरूम दबतो, म्हणून चाळीसच्या आसपास धरा. आता तालुक्यातल्या दोन-तीन जणांकडून वाहतुकीसह दर घ्या. मुरूम गौण खनिज आहे, त्याची रॉयल्टी तहसील कार्यालयात भरावी लागते. 'शाळेचं काम आहे, कोण विचारतंय' म्हणणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याचं ऐकू नका. भर मैदानात पंचनामा झाला तर त्याचा फोटो तुमच्या लिंकपेक्षा आधी तामिळनाडूतल्या सेलमला, गलाईवाल्यांच्या फोनवर पोचेल.

हा ब्रासचा आकडा हातात आला की वर्गणी मागणं सोपं होतं. 'एक ब्रास मुरूम' हेच देणगीचं माप करा. वाहतूक, रॉयल्टी, पसरणं, पाणी मारणं आणि रोलर मिळून एका ब्रासला जे पडेल ती एक वर्गणी. कुणी एक ब्रास देईल, कुणी पाच, चार मित्र मिळून एक. कुंपणाच्या खांबाचं, झाडाच्या जाळीचं असंच माप काढा. आणि पेव्हर ब्लॉकचा आग्रह धरणारा एक सदस्य प्रत्येक समितीत असतो, त्याला प्रेमानं गप्प करा. पडल्यावर गुडघे फुटतात आणि उन्हात पाय भाजतात. पावसाचं पाणी जायला शंभर फुटांत साधारण फूटभर उतार आणि कडेला चर, एवढं अंदाजपत्रकात आहे ना ते बघा. जिथं खाली काळी माती आहे तिथं ती काढून टाकण्याचा खर्चही धरा, नाहीतर पहिल्या पावसात मुरूम गिळला जातो.

खातं. कुणाच्याही वैयक्तिक खात्यावर, तो माणूस कितीही सज्जन असला तरी, पैसे घेऊ नका. समितीचं खातं मुख्याध्यापक आणि अध्यक्ष यांच्या संयुक्त सहीचं असतं. अशा खात्याला सहसा फोनवरचं यूपीआय जोडता येत नाही, म्हणून शाखेत जाऊन त्या खात्याचा व्यापारी क्यूआर मागा. अर्ज, ठराव, दोघांचे केवायसी कागद असं सगळं लागतं आणि शाखा व्यवस्थापक बदलीवर गेलेले असतात, त्यामुळे हे काम महिनाभर आधी सुरू करा. कोड मिळाल्यावर एक-एक रुपया पाठवून, फोनवर शाळेचंच नाव दिसतं का ते तपासा.

माजी विद्यार्थी स्वतः गट करून पैसे गोळा करणार असतील तर आणखी एक पायरी आहे. गणेश मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयातून सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१क ची परवानगी घेतात, ती नोंदणी नसलेल्या अशा गटालाही लागू होते. आधी तिथं चौकशी करा. नोंदणीकृत न्यास असेल आणि त्याच्याकडे ८०जी ची मान्यता असेल तरच करसवलतीचा शब्द संदेशात घाला. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत नाही आणि नव्या करप्रणालीत तर ती मिळतच नाही, त्यामुळे नोकरदार मंडळी पूर्वीइतकी विचारतही नाहीत. कंपनीकडून सीएसआरचे, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतले, पैसे हवे असतील तर काम करणाऱ्या संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते. एका मैदानासाठी नवी संस्था काढण्यापेक्षा आधीच नोंदणी असलेली जवळची संस्था शोधा.

परदेशातल्या मुलांचा विषय नाजूक आहे, कारण नाराजी नको असते. दुबईत नोकरी करणारा, भारतीय पासपोर्ट असलेला माणूस स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गानं पाठवतो, ते परदेशी योगदान धरलं जात नाही. पण ज्यानं अमेरिकेचं किंवा इंग्लंडचं नागरिकत्व घेतलंय, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना परदेशी नागरिक झाल्यावर मिळणारं) असलं तरी तो कायद्याच्या लेखी परदेशी स्रोत आहे. सुट्टीत गावी येऊन रुपयांत दिले तरीही. २०१० च्या परदेशी योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी नसेल तर ते पैसे घेता येत नाहीत. अशा माणसाला आधीच फोन करून नीट सांगा. पैसे आल्यावर परत पाठवणं दोघांनाही अवघड.

केटो, मिलापसारख्या ऑनलाइन देणग्या गोळा करणाऱ्या मंचावर मोहीम टाकावी का? माझं मत, गावच्या मैदानासाठी बहुधा गरज नाही. तिथं अनोळखी माणूस थांबतो तो आजारी बाळाच्या फोटोपाशी, आणि थांबायलाच हवं. मैदानाला अनोळखी माणूस क्वचित देतो. देतो तो इथं शिकलेला, किंवा त्याचा मित्र. रक्कम मोठी असेल आणि देणारे गावाबाहेरच्या वर्तुळातले असतील तर मंच घ्या, पण शुल्क किती कापलं जातं, पैसे संस्थेच्या खात्यात किती दिवसांनी येतात, हे आधी वाचा. काही मंचांवर पैसे भरताना मंचासाठी ऐच्छिक टीप आधीच निवडलेली दिसते. ती कमी करता येते हे देणाऱ्याला सांगून ठेवा.

संदेश छोटा लिहा. 'ज्ञानमंदिर', 'मातृऋण', 'भावी पिढी' हे शब्द निमंत्रणपत्रिकेला ठेवा. असा पुरतो : 'नमस्कार. आपल्या शाळेच्या मैदानावर ४० ब्रास मुरूम टाकायचा आहे. मोजणी झाली, परवानगी आली. एका ब्रासला अमुक रुपये पडतात. कोड शाळेच्या खात्याचा आहे. पैसे पाठवल्यावर नाव आणि दहावीचं साल कळवा, पावती मिळेल. अडचण असेल तर मुख्याध्यापकांना फोन करा.' सोबत तीन फोटो : पावसाळ्यातला चिखल, मोजणीचा दगड आणि आखलेला नकाशा. मुलांचे चेहरे टाळा. टाकायचेच असतील तर पालकांची लेखी संमती घ्या, आणि फाटक्या गणवेशातलं लेकरू शोधून त्याचा फोटो काढू नका, त्याला उद्या त्याच वर्गात बसायचं आहे. सध्याच्या पालकांकडे मुलांच्या हाती चिठ्ठी पाठवायची नाही. प्रवेशाशी किंवा दाखल्याशी देणगी जोडायला कायद्यानंच मनाई आहे, आणि मुलांच्या हातची चिठ्ठी सक्तीसारखीच वाटते.

वेळ दिवाळीनंतरची चांगली. गलाईवाले येऊन गेलेले असतात, मैदान त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं आणि पुढं कोरडे महिने असतात. पाऊस सुरू व्हायच्या आत रोलर फिरून झाला पाहिजे, तिथून उलटं मोजत तारखा ठरवा. मोहीम तीन-चार आठवडे पुरे. पुढं तिचा कंटाळा येतो. लिंक जाण्याआधी प्रत्येक बॅचमधला एक जण पकडा, जो आपल्या वर्गमित्रांना स्वतः फोन करेल, आणि अशा सगळ्यांची वर्गणी पहिल्याच दिवशी जमा होऊ द्या. रिकाम्या यादीत पहिलं नाव घालायला कुणी धजावत नाही.

हिशेबासाठी शिक्षकांवर बोजा टाकू नका. पदवी झालेली, संगणक येणारी गावातली एखादी मुलगी हे उत्तम करते. फोनवरचा स्क्रीनशॉट ही पावती नव्हे. यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक बँकेच्या उताऱ्याशी जुळला की नाव यादीत. दर रविवारी जमा, खर्च, शिल्लक एका पानावर ग्रुपवर टाका. पैसे आले नसतील तर 'या आठवड्यात काही नाही' असंही टाका. यादीत रकमा लिहायच्या की नाही यावर भांडण होतं. मी नावं बाराखडीच्या क्रमानं, रकमेशिवाय लावायच्या बाजूचा आहे. पूर्ण हिशेब शाळेत कुणालाही बघायला मिळावा. मैदानाला कुणाचं नाव द्यायचं नाही आणि फलकावर कोणत्याही पक्षाच्या माणसाचा फोटो येणार नाही, हेही आधीच ठरावात घाला. निवडणूक जवळ आली की एक मोठी रक्कम आणि तिच्यासोबत एक फ्लेक्स येतोच.

राहिला वापर. मैदान सपाट झालं की पहिली मागणी लग्नाच्या मंडपाची येते, दुसरी मळणीची, तिसरी यात्रेच्या दिवशी गाड्या लावायची. मंडपाच्या खांबांना केलेले खड्डे कोण बुजवणार, भाडं घ्यायचं की नाही, ते कुठल्या खात्यात जाणार, शाळेच्या वेळेनंतर फाटकाची किल्ली कुणाकडे, यावर ग्रामसभेत ठराव करून घ्या, आणि तो वर्गणी मागण्याच्या आधी. सेलमहून पाच ब्रासचे पैसे पाठवणारा हेच विचारणार आहे. त्याच्याही घरात मे महिन्यात लग्न असतं.